डॉक्टरांच्या पाठीमागचा पंखा

राग आला की माझी भाषा बिघडते. मराठीत सुरुवात करते, मध्येच इंग्रजी घुसतं आणि शेवटी सगळंच बंद पडतं. म्हणून हे लिहून काढते आहे. लिहिताना तरी कोणी मध्ये "हळू बोल गो" म्हणणार नाही.

अम्मी मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये काम करायची. गाड्यांच्या वर्कशॉपांची रांग संपते तिथे, खाली टायरचं दुकान आणि वर क्लिनिक. डॉक्टर तिला सिस्टर म्हणायचे, पेशंटही म्हणायचे, पण ती नर्स नव्हती. रत्नागिरीकडे खाडीकाठी आमचं गाव आहे, तिथे ती सातवीपर्यंत शिकली. क्लिनिकमध्ये तिचं काम म्हणजे पेशंटचं नाव पुकारायचं, त्याला आत घ्यायचं, ताप आणि वजन बघायचं, इंजेक्शनच्या वेळी लहान मुलांना धरून ठेवायचं, आणि कामगारांची तोडकीमोडकी हिंदी डॉक्टरांना समजावून सांगायची. हे शेवटचं काम तिला फार आवडायचं. "माझ्याशिवाय त्यांना पोटदुखी कुठली नि छातीदुखी कुठली, काय पण कळत नाय," असं ती घरी येऊन सांगायची.

अब्बा शाळेची बस चालवायचे. दुपारी मुलांना घरोघरी सोडलं की रिकामी बस घेऊन ते क्लिनिकच्या खाली यायचे आणि अम्मीला घरी न्यायचे. मीही कॉलेजातून लवकर सुटले की तिथेच जाऊन थांबायचे. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. त्यामुळे वर्गात जे शिकवलं ते मला नीट कळलंय की नाही, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. एखादी गोष्ट मला कळली असं वाटलं तरी मी ती मोठ्याने बोलायला घाबरायचे. अजूनही घाबरते.

आता ती खोली सांगते, कारण सगळं त्या खोलीत आहे.

दार उघडलं की समोरच्या भिंतीला खिडकी. उन्हासाठी तिला आतून चांदीचा कागद चिकटवलेला, जसा इथे सगळीकडे चिकटवतात, आणि वर मधुमेहाचं पोस्टर. खिडकीला पाठ करून डॉक्टरांची खुर्ची. त्यांच्या डोक्यावर भिंतीत एसी. टेबलाच्या अलीकडे पेशंटची खुर्ची. आणि पेशंटच्या पाठीमागे, दाराला लागून, अम्मीचं स्टूल, कारण दार उघडणं आणि नाव पुकारणं तिच्याकडे. पेशंटच्या बाजूच्या भिंतीत, तपासायच्या पलंगाच्या वर, हवा बाहेर फेकणारा एक एक्झॉस्ट फॅन होता. तो बंद. नुसता बंद नाही, त्याच्यावर प्लॅस्टिक लावून चारी बाजूंनी खाकी टेप मारलेली.

साधारण दोन हजार पंधरा-सोळाचा हिवाळा असेल. मस्कतचा हिवाळा म्हणजे वर्षातले सगळ्यात छान दिवस. लोक समुद्रावर जातात, घराच्या खिडक्या उघडतात. आणि त्याच दिवसांत क्लिनिक भरलेलं असतं. सर्दी, ताप, खोकला, घरातल्या एकाला झालं की सगळ्यांना. अम्मीला त्या वर्षी नोव्हेंबरात खोकला सुरू झाला आणि तो जाईचना. मध्ये तिला जोरात ताप आला, छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनीच औषधं दिली. ताप गेला तशी ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. खोकला राहिलाच.

"धुळीची अ‍ॅलर्जी हाय," ती म्हणायची. डॉक्टर म्हणाले होते तसं.

त्याच सुमारास आम्हाला कॉलेजात इमारतींच्या हवेबद्दल शिकवायला सुरुवात झाली. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीत किती ताजी हवा आणतो? आम्ही सगळ्यांनी काहीतरी अंदाज केले. सर म्हणाले, अजिबात नाही. तो आतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत आत सोडतो. बाहेरच्या डब्यात फक्त उष्णता जाते.

मला हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांची समजूत होती की बाहेर एवढा मोठा डबा बसवतात, तो बाहेरची हवा आत पाठवतो. मग सरांनी दवाखान्यांचं उदाहरण दिलं. आजारी माणूस खोकतो तेव्हा बारीक बारीक थेंब हवेत राहतात, खोलीतली हवा बदलली नाही तर ते साठत जातात. म्हणून स्वच्छ हवा डॉक्टर आणि नर्सच्या बाजूने आत यायला हवी, पेशंटवरून पुढे जायला हवी आणि पेशंटच्या जवळूनच बाहेर पडायला हवी. त्यांनी फळ्यावर खोली काढली, बाण काढले. मी बाणांकडे बघत होते आणि मला ते स्टूल दिसत होतं.

पण फळ्यावरची खोली आणि खरी खोली यात फरक असू शकतो. माझं चुकत असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

मग एका शनिवारी कॉलेजला सुट्टी म्हणून मी सकाळीच अम्मीबरोबर क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर यायच्या आधी ती खोल्यांत लुबान जाळायची. आपल्याकडे ऊद जाळतात तसा इथे लुबान, घरात, दुकानात, सगळीकडे. आमच्याही घरी गुरुवारी संध्याकाळी जळायचाच. मातीच्या भांड्यात निखारा, त्यावर लुबानचे खडे. अम्मीने भांडं पेशंटच्या खुर्चीपाशी ठेवलं, एसी लावला आणि दार बंद करून आपल्या स्टुलावर बसली.

धूर सरळ वर चढला. खुर्चीच्या वर, साधारण बसलेल्या माणसाच्या तोंडाइतका उंच गेल्यावर एसीच्या झोताने तो वाकला आणि आडवा होऊन सरळ अम्मीच्या तोंडावर गेला. तिथे दाराला आपटून वर चढला, छताखालून परत एसीकडे गेला आणि पुन्हा खाली आला. डॉक्टरांच्या खुर्चीपाशी धूर जवळजवळ नव्हता. अम्मी मात्र धुरात होती. ती डोळे मिटून बसली होती, कारण तिला तो वास आवडायचा.

"अम्मी, ऊठ तिथून."

"काय झालं?"

"ऊठ ना. हा धूर बघ. पेशंट खोकतो तेव्हा पण असंच होत असणार."

"लुबान हाय तो, खोकला नाय," ती हसून म्हणाली आणि मग खोकायला लागली.

मी फोनवर व्हिडिओ काढला.

क्लिनिकचे मॅनेजर आमच्या शेजारच्या गावचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. अब्बांचा पहिला व्हिसा त्यांनी आणला आणि अम्मीची नोकरीही त्यांनीच दिली. आमच्या लोकांत ज्याने व्हिसा आणला त्याच्यासमोर माणूस आयुष्यभर खुर्चीच्या कडेवर बसतो. नीट टेकून बसत नाही. लग्न असो, मयत असो, त्याच्या शब्दापुढे शब्द नाही. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि मला तो आदर वाटायचा.

त्या दिवशी मी रिसेप्शनपाशी त्यांना गाठलं.

"चाचा, तपासायच्या खोलीतल्या एक्झॉस्ट फॅनला टेप कोणी लावली?"

"मीच. का गं?"

"तो चालू केला आणि डॉक्टरांच्या मागची खिडकी थोडी उघडली, तर हवा—"

"अगं, लुबानचा सगळा धूर तो फॅन बाहेर ओढून न्यायचा. सलालाहून मागवलेला चांगला लुबान काय मी खालच्या टायरवाल्याला हुंगायला जाळतो? खोलीत राहिला तर जंतू मरतात."

"धुराने जंतू नाही मरत, चाचा. आणि खोलीतली हवा बदलतच नाही."

"मग एसी काय करतो?"

"तो आतलीच हवा फिरवतो. बाहेरची आणत नाही."

ते रिसेप्शनच्या मुलीकडे वळले. "यल्ला, ऐका! आमच्या भाभींची पोर कॉलेजात गेली आणि आम्हाला श्वास घ्यायला शिकवायला लागली."

सगळे हसले. वजनकाट्यावर उभा असलेला माणूसही हसला. अम्मी पण हसली. चाचांच्या हसण्याचं मला फार काही वाटलं नाही, पण अम्मीच्या हसण्याचा राग मला आजही येतो. त्यात तिचा दोष नव्हता हे कळतं, तरी येतो.

बसमध्ये ती म्हणाली, "चाचांशी असं बोलायचं नाय, बाय. आपण इथे हाव ते कोणामुळे?"

"म्हणून तू तिथे बसून खोकत राहायचं?"

"खोकला कोणाला होत नाय?"

अब्बांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणजे गप्प बस.  रिकाम्या बसमध्ये मागे कोणाची तरी पाण्याची बाटली गडगडत होती, तिचा आवाज मी ऐकत बसले.

चाचांना कळलं नाही, ते ठीक आहे असं मी धरून चालले. ते शिकलेले नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलं की त्यांना लगेच कळेल. डॉक्टर आहेत ते! त्यांनी सांगितलं की चाचा ऐकतील. मी काय बोलायचं याची इंग्रजीत तयारी केली.

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, मी दार वाजवून आत गेले. डॉक्टर स्वेटर घालून बसले होते. त्यांच्या मागे, खिडकीच्या कठड्यावर, एक छोटा टेबलफॅन चालू होता. तो फॅन मी आधीही पाहिला होता. त्यांना उकडत असेल असं वाटायचं. पण त्या दिवशी स्वेटर आणि फॅन दोन्ही एकदम दिसले.

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पूर्ण बघितला. मग पुन्हा बघितला.

"शाब्बास," ते म्हणाले. "एकदम सही पकडा है."

मला इतका आनंद झाला. खरंच सांगते, कॉलेजात कधी कोणी मला असं म्हटलं नव्हतं.

मग ते मागे वळले आणि त्या छोट्या फॅनवर मायेने थाप मारली. "इसी लिए तो ये रखा है. बेटा, हवा हमेशा पीठ से आनी चाहिए. टीबी वॉर्ड में हमारे सीनियर ने पहले दिन यही सिखाया था. हवा पाठीवर घ्यायची, पेशंटच्या बाजूला ढकलायची. तुझ्या व्हिडिओत बघ, माझ्याकडे धूर नाहीच." मराठी पेशंटांमुळे त्यांना आमची भाषा थोडी येत होती आणि खुशीत आले की ते ती बोलायचे.

मी म्हटलं, "सर, आणि अम्मी?"

"कौन?"

"सिस्टर."

"अच्छा. वो तो दरवाजे के पास बैठती हैं. काफी दूर है."

"सर, धूर तिच्याकडेच जातोय. एसीने पण आणि तुमच्या फॅनने पण."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मॅनेजर से बात करो ना. एसी-वेसी, खिडकी-विडकी, सब उसका डिपार्टमेंट है."

ते रागावले असते, ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते प्रेमाने बोलत होते. त्यांनी मला टेबलावरचं चॉकलेटही दिलं, लहान मुलांना इंजेक्शननंतर देतात त्यातलं. त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. मी वर्गात बाण बघून घाबरत घाबरत जे शिकले, ते त्यांना पहिल्या दिवसापासून येत होतं, आणि ते ज्ञान त्यांनी बरोबर एका खुर्चीपुरतं वापरलं. समोर बसलेल्या बाईला कधी एवढंही सांगितलं नाही की सिस्टर, तुमचं स्टूल इकडे घ्या. तिचा खोकला त्यांच्याच कानांवर दिवसभर पडत होता आणि ते तिला धुळीची गोळी देत होते.

मी वळले तर अम्मी दारात उभी होती. हातात किल्ल्या. तिने किती ऐकलं ते मला कळेना. ती म्हणाली, "चल, अब्बा खाली आलेत."

त्यानंतर आठवड्याभरात तिच्या रेसिडेन्सी कार्डाची तपासणी आली. इथे कार्ड नवं करायचं तर मेडिकल लागतं, त्यात छातीचा एक्स-रे. अम्मी दर वेळी नवी ओढणी घेऊन जायची, फोटो काढायला गेल्यासारखी. या वेळी तिला बसवून ठेवलं आणि पुन्हा यायला सांगितलं. उजव्या फुफ्फुसावर डाग दिसत होता. टीबी आहे का बघायला थुंकी तपासणार होते.

टीबी निघाला तर औषध देतात आणि मग माणसाला परत पाठवतात, असं आमच्यात सगळे सांगायचे. खरे नियम काय होते ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. घरात कोणी तो शब्द उच्चारत नव्हतं. अम्मीने स्वतःचं ताट-पेला बाजूला ठेवायला सुरुवात केली. ओढणी तोंडावर धरून ती आमच्याशी बोलायची. बाकी सगळं जागच्या जागी होतं, अब्बा बसवर जात होते, मी कॉलेजात जात होते, आणि अम्मी खिडकी उघडी टाकून तिच्याजवळ बसून होती. मी तिला सांगितलं होतं तसं. माझं एवढं एकच ऐकायला तिला एक्स-रे लागला.

मग चाचांचा फोन आला. फोन अब्बांच्या हातात होता, स्पीकर चालू होता.

"हे बघ, भाई," चाचा म्हणाले, "ते रिपोर्ट येईपर्यंत भाभींनी इकडे येऊ नये. आणि कोणी विचारलं तर क्लिनिकमध्ये लागण झाली असं कुठे बोलू नका हां. धंद्याचा सवाल आहे. गावाकडून येतानाच असेल काहीतरी."

अब्बा म्हणाले, "हो, हो. नाही बोलत."

अम्मीने ओढणी खाली केली आणि फोन स्वतःकडे ओढला.

"भाई, सलाम. मी बोलते."

"हां भाभी, काळजी करू नका, इन्शाल्ला सगळं—"

"मी कशी हाय ते नाय विचारलंत."

"अहो, तेच तर—"

"नाय विचारलंत. गावाकडून काय आणलं मी? एवढी वर्षं एक्स-रे साफ यायचा. गावाला शेवटची कधी गेले ते तुमालाच माहीत, सुट्टी तुमीच देता."

 अब्बांनी तिच्या हातातून फोन घ्यायचा प्रयत्न केला. तिने दिला नाही.  पलीकडून फोन कट झाला. मग ती मला म्हणाली, "डॉक्टर काय बोलले होते त्या दिवशी? हवा कुठून यायला हवी?"

म्हणजे तिने ऐकलं होतं.

टीबी निघाला नाही. नोव्हेंबरातल्या तापात न्यूमोनिया होऊन गेला होता, त्याची खूण होती, भरत आलेली. कार्ड मिळालं. अब्बांनी मिठाई आणली आणि चाचांकडे पहिला डबा पाठवला. मी त्या मिठाईला हात लावला नाही. न्यूमोनिया होऊन गेला आणि ज्या खोलीत तो झाला असावा त्या खोलीतल्या डॉक्टरांना तो ओळखता आला नाही, याची मिठाई कशी वाटतात?

अम्मी कामावर परत गेली त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. डॉक्टर आत बसलेले होते. त्यांनी "वेलकम, सिस्टर" वगैरे म्हटलं. अम्मीने दाराजवळचं स्टूल उचललं, टेबलाला वळसा घातला आणि डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी, खिडकीला पाठ करून ठेवलं. मग पोस्टर काढलं, चांदीचा कागद कोपऱ्यातून फाडला आणि खिडकी हातभर सरकवली. बाहेरून गार हवा आणि टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा आवाज आत आला.

"सिस्टर, ये क्या? दरवाजा कौन खोलेगा?"

"पेशंट खोलेगा, डॉक्टरसाब. उसको हाथ है."

"आणि नाव?"

"नाव मी हितून पुकारेन. माझा आवाज टायरवाल्यापर्यंत जातो."

चाचा धावत आले. त्यांनी खिडकीकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं. "भाभी, एसीचा विचार करा."

"जानेवारीत?" अम्मी म्हणाली. "मी हितेच बसणार. नायतर मी बसत नाय. दुसरी बघा."

 चाचा डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टर आपल्या कागदांत बघत होते. शेवटी चाचा म्हणाले, "बसा, बसा. जागेचं काय एवढं?"

मी एक्झॉस्ट फॅनकडे बोट केलं. "चाचा, आता ती टेप पण काढा. निम्मंच झालंय हे. खिडकीतून हवा आली तरी बाहेर जाणार कुठून?"

"अगं, भाभींना जागा दिली ना? खलास. आता किती ताणशील?"

तेवढ्यात पहिला पेशंट आत आला. एक बाई, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल, मूल खोकत होतं. तिच्या मागून दुसरी बाई डोकावली, तिचंही मूल होतं. पहिली उठली की दुसरी लगेच त्याच खुर्चीवर बसणार. मी तिथे उभी राहून बघत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. जिच्यासाठी मी भांडले ती वाचली. बाकी सगळे तसेच रांगेत होते, आणि त्यांना काही माहीत नव्हतं.

दुपारी बसमध्ये अब्बांनी आरशात माझं तोंड बघितलं. "झालं ना तुझ्या मनासारखं?" ते म्हणाले. "अम्मी बरी आहे, कार्ड आलं, जागा पण मिळाली. आता सोड राग."

मी काही बोलणार इतक्यात अम्मी पुढच्या सीटवरून वळली.

"तिला का सांगता?" ती म्हणाली. "मीच अजून सोडला नाय."

अब्बांनी गियर टाकला. ती पुन्हा पुढे बघत म्हणाली, "बाय, तो फॅन खोलायला काय लागतं? माझा हात नाय पोचत तितपर्यंत."

"स्टुलावर चढलं की पोचतो," मी म्हटलं.

"मग उद्या कॉलेज किती वाजता सुटतं तुझं?"